चोकच्या दांडीला नारळ

घाटात पिकअप काळा धूर ओकत बंद पडली आणि मागे घसरू लागली. चंद्रकलेनं ब्रेक दाबून धरला. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, खाली उडी मारून चाकामागे दगड लावला.

"ऑटोमॅटिक चोक काढून हा हातानं ओढायचा कशाला बसवलास? मोठी मेकॅनिक झालीस!" अण्णा खालूनच ओरडले.

मागे दरी होती. केबिनमध्ये पेट्रोलचा वास भरला होता. तिनं डॅशबोर्डखाली पाहिलं. चोकच्या नव्या दांडीला अण्णांनीच सकाळी पूजेच्या नारळाची पिशवी अडकवली होती. नारळाच्या वजनानं चोक पुरता ओढला जाऊन इंजिनात नको इतकं पेट्रोल जात होतं.

तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली, दांडी आत ढकलली, किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं.

अण्णांनी पिशवीतून नारळ काढला. चाकामागच्या त्याच दगडावर तो फोडून पहिला तुकडा त्यांनी लेकीच्या तेलकट हातावर ठेवला.