बाहेरचं काही येत नाही

अकराला दहा मिनिटं होती आणि ती बाथरूममध्ये उपड्या बादलीवर बसून मोबाइल नळाला टेकवून उभा करायच्या खटपटीत होती. अकराला चौथीचा गणिताचा ऑनलाइन तास. आज मुख्याध्यापिकाबाई स्वतः तास ऐकणार होत्या, कारण गणिताच्या दोघींपैकी शाळा पुढच्या वर्षी एकीलाच ठेवणार होती. मागच्या वेळी तिचा घुमणारा आवाज ऐकून त्यांनी विचारलं होतं, “विहिरीतून शिकवताय का?” चाळीस पोरं पोट धरधरून हसली होती.

आतल्या खोलीत नवऱ्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. लॉकडाउन लागल्यापासून त्याने तिथे कीबोर्ड मांडून फंक संगीताचा अल्बम हाती घेतला होता. अल्बम म्हणजे चाळीस दिवसांत एक गाणं, तेही अर्धं. फंक काय चीज आहे हे घरात अजून कुणाला कळलेलं नव्हतं, कारण तो हेडफोन लावून वाजवायचा. बाहेर यायची ती नुसती पट्ट्यांची टकटक. त्या टकटकीसाठी मिक्सर बंद, टीव्ही बंद, बोलणं कुजबुजत. सासरे जुन्या खोकल्याचे. ते उशीत तोंड खुपसून खोकायचे. एवढं करूनही वाजवताना चुकून टेक बिघडला, की हा दार उघडून दोघांकडे असा बघायचा, जणू यांनीच त्याची बोटं ओढली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

सकाळी तिने विचारून पाहिलं होतं, “आजच्या दिवस एक तास खोली देशील?” त्याने ओठांवर बोट ठेवलं. मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत.

“बाबा!” आतून हाक आली. “जरा या इकडे. वायरीत घुर्र घुर्र येतंय.”

सासऱ्यांचा जन्म टेलिफोनच्या वायरी जोडण्यात गेला होता. ते टेबलाखाली वाकले. बॅटरी धरायला ती मागोमाग गेली.

“ही विजेची वायर तुझ्या वायरीला चिकटलीय,” ते म्हणाले. “लांब घे.” घुर्र थांबली. पण हाताची सवय जात नाही. त्यांचं बोट वायरीवरून फिरत गेलं, कीबोर्डपासून एका डबीपर्यंत, डबीपासून कॉम्प्युटरपर्यंत. तिथे थांबलं.

“आणि यात माईक कुठाय?”

नवरा हसला, अडाण्याला समजावताना हसतात तसा. “माईक कशाला लागतोय, बाबा? हे सरळ वायरीतून जातं. बाहेरचं काही येत नाही यात. इथे बँड आणून वाजवा, तरी स्वच्छ.”

सासरे सावकाश उठले. गुडघे झटकले. आणि खोकले. चाळीस दिवसांचं साठलेलं, पोटातून, भिंतीला हात टेकून खोकले. रेकॉर्डिंग चालूच होतं. पडद्यावरची आवाज दाखवणारी हिरवी रेघ तसूभर हलली नाही.

“म्हणजे तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“अगं, प्रश्न आवाजाचा नाही. शांतता असली की मूड लागतो. कलाकाराला ते लागतं. जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं.”

तिला वाटलं, आता संताप येईल. आला नाही. ताटात केस निघाल्यावर येते तशी नुसती किळस आली. या माणसासाठी आपण चाळीस दिवस आपल्याच घरात चोरासारखे चवड्यांवर चाललो, याची लाज त्याहून जास्त वाटली.

तिने बाथरूममधून मोबाइल आणला. कीबोर्डच्या शेजारी, त्याच्या कोपरापाशी, खिडकीच्या उजेडात उभा केला.

“अगं, इथे? माझा टेक...”

“तुझा टेक वायरीतून जातो,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. सासरे खिडकी उघडत होते.

अकराला पडद्यावर चेहरे उमटले. वरच्या कोपऱ्यात मुख्याध्यापिकाबाई. “आज आवाज स्वच्छ येतोय, बाई,” त्या म्हणाल्या.

“मुलांनो, आज सगळ्यांनी माईक चालू करा,” ती म्हणाली. “एकोणीसचा पाढा.”

चाळीस घरांतून पाढा सुटला. कुणाचं नेट पुढे, कुणाचं मागे. एकाचं अडतीस होतंय तोवर दुसऱ्याचं सत्तावन्न. नवऱ्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबले, पट्ट्यांवर हात ठेवले आणि सुरुवात केली. चुकला. पुन्हा केली. पुन्हा चुकला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, दार उघडून पाहायचा तसंच.

तिने मान वळवली नाही.

“अजून मोठ्याने म्हणा,” ती मुलांना म्हणाली. “इथलं काही बिघडत नाही.”