मालगाडीला कोण सांगणार

सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला, बायको गेल्याचं कळलं, आणि दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. मेहुणी फोन घेऊन खिडकीत बसली होती. एकेकाला तेच सांगून तिचा घसा बसला होता. शेवटी तिने फोन मांडीवर ठेवला.

"भावोजी, कोणी राहिलं का कळवायचं?"

"मालगाडी राहिली," तो म्हणाला.

मेहुणीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं.

"जरा पडा तुम्ही," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही."

पण त्याचं डोकं ठिकाणावर होतं. घाटातल्या वळणावर तो गाड्यांचे फोटो काढायचा आणि बायको बरोबर यायची. त्याच्या डाव्या खांद्यामागे उभी राहायची. त्या चढावर मालगाडी माणसाच्या चालीने येते. ड्रायव्हर खिडकीत असायचा. ती ओरडून काहीतरी विचारायची, तोवर इंजिन पुढे गेलेलं असायचं आणि उत्तर पुढच्या फेरीला यायचं. "मुलीला कितवा महिना?" एका फेरीला. "सातवा!" दुसऱ्या फेरीला. वर्षानुवर्षं दोघांच्या गप्पा अशाच चालल्या होत्या. लोक त्याला विचारायचे, तुमच्या फोटोतले ड्रायव्हर एवढे हसरे कसे हो? ते कॅमेऱ्याकडे बघतच नसत.

तेरावं उरकून पाहुणे आपापल्या गावी गेले आणि तो वळणावर गेला. कॅमेरा सवयीने गळ्यात आला होता.

ढग रुळांपर्यंत उतरले होते. दरी नव्हतीच, सगळं पांढरं. आधी उताराची पॅसेंजर आली. ढगातून दिव्यांच्या खिडक्या निघाल्या आणि ढगातच गेल्या. एका खिडकीत एक बाई काचेला कपाळ टेकून झोपली होती. ती झोपेतच येऊन झोपेतच गेली. त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही.

मग खालून मालगाडीची धाप ऐकू आली.

आतापर्यंत त्याला कोणालाच सांगावं लागलं नव्हतं. सगळ्यांना मेहुणीने सांगितलं होतं. हे एवढं एकच त्याच्याकडे होतं. 'ती गेली' एवढंच म्हणायचं होतं. घरी आरशासमोर त्याने म्हणून पाहिलं होतं.

इंजिन आलं. ड्रायव्हर कमरेपर्यंत खिडकीबाहेर होता.

"वहिनी कुठायत? नात झाली हो मला! त्यांना म्हणावं, पैज तुम्ही जिंकलात!"

त्याने तोंड उघडलं.

"घरी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"घरी! घरी आहे!"

ड्रायव्हरने अंगठा उंचावला. इंजिन ढगात शिरलं.

मागोमाग मालाच्या वाघिणी येऊ लागल्या. कोळशाच्या आल्या, खडीच्या आल्या, बंद दारांच्या आल्या. काही रिकाम्या होत्या, त्यांच्या तळाशी पावसाचं पाणी थरथरत होतं. गाडीचं पुढचं टोक दिसत नव्हतं आणि मागचंही दिसत नव्हतं. पांढऱ्यातून यायचं, पांढऱ्यात जायचं. गाडी अशीच कायम जात होती आणि आपणही कायम इथेच होतो, असं त्याला वाटू लागलं. पुढे इंजिनात ती घरी होती. इथे ती नव्हती. मधे नुसत्या वाघिणी.

बरं वाटत होतं. मग त्याला गार्ड आठवला.

गार्ड अजून यायचा होता. शेवटच्या डब्याच्या पायरीशी तो उभा असतो, अगदी हाताच्या अंतरावर. तिथे इंजिनाचा आवाज नसतो, ओरडावं लागत नाही. गार्डला सांगितलं की तो सांगेल ड्रायव्हरला. तो रुळांच्या आणखी जवळ सरकला आणि ओठ हलवून ते दोन शब्द पुन्हा म्हणू लागला. प्रत्येक वाघिणीला एकदा.

गार्डचा डबा आला. गार्डच्या एका हातात वॉकीटॉकी होता, दुसऱ्यात पाकीट.

"बरं केलंत, वहिनींना घरी ठेवलंत ते," गार्ड म्हणाला. "हवा बघा ना कशी कुंद झालीय."

"तुम्हाला कोणी..."

"ड्रायव्हरसाहेबांनी. आत्ताच, यावर." गार्डने वॉकीटॉकी हलवून दाखवला आणि पाकीट खाली दिलं. "नातीचा फोटो आहे. वहिनींना दाखवा आणि परत आणा हं. एकच प्रत आहे, हरवलात तर साहेब मला गाडीखाली घालतील."

तो पाकीट धरून डब्याबरोबर चालू लागला.

"अहो, ऐका."

"बोला ना."

गार्ड पायरीवर वाकला. चांगला माणूस होता. कान पुढे करून, हसऱ्या तोंडाने वाट बघत होता. तो खाली डब्याबरोबर चालत राहिला. पायाखालची खडी वाजत राहिली. मग खडी संपली आणि पूल आला. पुलावर माणसाला चालायला जागा नव्हती.

"पुढच्या फेरीला सांगा!" गार्ड ओरडला.

मागचा लाल दिवा थोडा वेळ ढगात दिसला. मग ढगच राहिला.

त्याने पाकीट उघडलं. कपड्यात गुंडाळलेलं बाळ होतं, मूठ गालाशी. फोटो काढताना कोणाचा तरी हात हलला होता. तो पुष्कळ वेळ बघत उभा राहिला. त्या दिवशी त्याने स्वतः एकही फोटो काढला नाही.

घरून निघताना एकालाच सांगायचं राहिलं होतं. आता दोघांना सांगायचं आहे, आणि फोटो परत द्यायचा आहे.