कोपऱ्यातली जाळी

ते पान या जंगलातलं नव्हतं.

ओव्हनमधून काढलेला वाळका पाचोळा टेबलावर पसरून ती पानं निवडत होती, आणि मध्येच हे रुंद, जाड पान हाती आलं. शहरात रस्त्याच्या कडेला लावतात त्या झाडाचं. वाऱ्याने आलं म्हणावं, तर शहर डोंगराच्या पार पलीकडे.

जंगल हवेतला कार्बन किती घेतं आणि किती परत सोडतं, हे मोजण्यासाठी ती या केंद्रावर येऊन राहिली होती. बुंध्यांचे घेर, मातीतून बाहेर पडणारी हवा, आणि झाडांखाली ताणलेल्या जाळ्यांत पडणारा पाचोळा. सगळ्या जाळ्या शहाण्यासारख्या वागत. कोपऱ्यातली तेवढी वेडी. तिथली झाडं काही केल्या बाळसं धरत नव्हती, पानं मात्र पोत्याने गाळत होती. त्या कोड्यापायीच संस्थेने बंद पडायला आलेला प्रकल्प पुन्हा पुन्हा वाढवला होता. तिचं नावही त्याच जाळीवर उभं होतं.

जाळ्यांना हात लावणारी माणसं दोनच. ती आणि अण्णा. अण्णा खालच्या वस्तीतले, केंद्र उभं राहिलं तेव्हापासूनचे मदतनीस.

तिने पान त्यांच्यापुढे धरलं. "अण्णा, हे जाळीत कुठून आलं?"

"मला काय ठाऊक, ताई."

"प्रकल्प बंद पडला तर काम जाईल, म्हणून तर नाही ना?"

 अण्णांनी खिशातल्या केंद्राच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "पोटच्या पोरीने असं विचारलं असतं तर कानाखाली दिली असती," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

शनिवारी नवरा आला. तो शहरात शाळेत शिकवायचा आणि दर महिन्याला पाठीवर भली मोठी बॅग घेऊन डोंगर चढून यायचा. 'तू कशाला दगदग करतेस, मीच येतो' हे त्याचं पालुपद. तिने त्याला सगळं सांगितलं.

"म्हाताऱ्याला परत बोलाव," तो म्हणाला. "मला नाही पटत."

"त्यांनी माझा केसाने गळा कापला, आणि तू त्यांचीच बाजू घे."

सकाळी तिला जाग आली तेव्हा तो शेजारी नव्हता. त्याची बॅगही नव्हती. ती तशीच चपला सरकवून निघाली. कोपऱ्यातल्या जाळीपाशी तो पाठमोरा उभा होता आणि बॅग उलटी धरून पानं झटकत होता.

तिला पाहिल्यावर तो पळाला नाही, सारवासारव केली नाही. तिथल्याच एका मुळावर बसला.

"प्रकल्प बंद होणार कळलं तेव्हा तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मला बघवेना. म्हटलं, पायथ्याच्या याच झाडांची चार पानं टाकून पाहू. मग थांबताच येईना. शहरातलं ते पान चुकून बॅगेत राहिलं."

"माझं सगळं काम खोटं करून टाकलंस तू."

"हो." त्याने मान वर केली नाही. "तू इथे सुखात राहावीस, एवढंच मला हवं होतं."

 संध्याकाळी तो गेला तेव्हा ती दारापर्यंतही आली नाही.

मग ती वस्तीत जाऊन अण्णांच्या पाया पडली. अण्णा म्हणाले, "बस आधी," आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दोन शब्दांनी तिला रडू फुटलं. परत येऊन तिने संस्थेत फोन लावला आणि जाळीचं खरं काय ते सांगून टाकलं. नवऱ्याचं नाव घेतलं नाही.

"प्रकल्प तर जाईलच," तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या. "तुझ्या नावाला काळिमा लागेल ते वेगळंच."

"लागू दे."

केंद्राला कुलूप घालून ती डोंगर उतरली. गाडीत बसल्यावर राग हळूहळू निवळत गेला. गाढवपणा केला त्याने, पण केला तो तिच्यापायी. बायकोच्या सुखासाठी पोतंभर पानं घेऊन डोंगर चढणारा नवरा किती जणींच्या वाट्याला येतो? आता रोज एका ताटात जेवू, तिने ठरवलं. येतेय म्हणून कळवलं नाही. एकदा तरी त्याला चकित करायचं होतं.

'एकट्याला कशाला एवढं घर' म्हणून त्याने जुनी जागा कधीच सोडली होती. संस्थेच्या कामाला ती खाली उतरली की दोघं पाहुण्यांच्या खोलीतच राहत, त्यामुळे नवं घर तिने पाहिलं नव्हतं. पत्ता तेवढा पाठ होता.

तिने बेल वाजवली. पाच-सहा वर्षांच्या मुलीने दार उघडलं. मागे सोफ्यावर शेजारीण वाटावी अशी कुणी बाई भाजी निवडत बसली होती. आपण चुकून भलत्याच दारी आलो, असं वाटून ती मागे फिरणार, तोच खुंटीवरचा कोट दिसला. त्याचं अस्तर तिनेच शिवलं होतं.

"सर इथेच राहतात ना, शाळेतले?" तिने कसंबसं विचारलं.

"बाबा आईला घेऊन दवाखान्यात गेलेत," मुलगी म्हणाली. "आज मी ताई होणार आहे."