उसना फ्रिज

“हा फ्रिज कुणाचा?” गुरुजींनी विचारलं, आणि पोहे खाणाऱ्या पाहुण्यांचे चमचे थांबले.

शेवंतानं कपाळावर हातच मारून घेतला असता, पण हातात चहाचा ट्रे होता. रेशनच्या यादीसाठी घरं तपासायला सरकारनं शाळेतल्या गुरुजींना आजच धाडावं! आणि लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून तिनं शेजारच्या मुमताजभाभीचा फ्रिज चौघांकडून आजच उचलून आणावा! आपला म्हटला तर यादीतून नाव जाणार, भाभीचा म्हटला तर सोयरीक मोडणार.

“आमचाच की,” ती म्हणाली. “फ्रिजबिगर कुणाचं भागतंय आता, गुरुजी?”

मुलाच्या आईनं मान डोलावली. गुरुजींनी कागदावर खूण केली आणि ते शेजारी गेले. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे पलीकडचं शेवंताला सगळं ऐकू येत होतं, म्हणजे पाहुण्यांनाही.

“भाभी, फ्रिज?”

“आमच्याकडं कुठला फ्रिज, गुरुजी? माठ आहे बघा.”

सोयरीक जुळली. फ्रिज दुसऱ्या दिवशी माघारी गेला. यादी लागली तेव्हा मात्र शेवंताचं नाव गेलं होतं आणि भाभीचं आलं होतं.

पुढच्या महिन्यात भाभी रेशनच्या तांदळाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

“घ्या, श्रीमंतीणबाई! तुमचा फ्रिज माझ्या घरात आहे, निदान तुमचा तांदूळ तरी तुमच्या घरात असू दे.”