सुटणारा उपग्रह

“उपग्रह पुन्हा सुटला, ताई.”

“मॅडम म्हणायचं. हे ऑफिस आहे, घर नाही.”

किनाऱ्यावरच्या मदतकक्षात ती अभियंता होती. भर समुद्रातल्या मालवाहू जहाजावर तिचा धाकटा भाऊ विद्युत अधिकारी. आईच्या शेवटच्या आजारात तो आला नाही, त्याने साधा फोनही केला नाही. तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणे टाकले होते. तो संताप तिने दुर्मीळ पोथीसारखा निगुतीने जपला होता. कामाचे फोन मात्र टाळता येत नसत, आणि नेमकी त्याच्याच जहाजाच्या अँटेनाला उपग्रहाचा माग सोडण्याची खोड जडली होती.

“जहाज वळलं की सुटतो? धुरांडं आड येत असेल.”

“नाही येत.”

“होकायंत्राकडून अँटेनाला दिशा बरोबर मिळते?”

“मिळते. अँटेना फिरवणाऱ्या मोटरचा पट्टाही पाहिला. ताठ आहे.”

“तुझ्या मानेसारखा.”

“जहाज म्हणजे बस नाही, ताई, घंटी मारली की थांबायला.”

“फोन तर होता? आई शेवटपर्यंत तो उशाशी घेऊन पडली होती.”

त्याचा अडखळता श्वाससुद्धा तिला स्वच्छ ऐकू येत होता.

“आता काय तपासू?” त्याने अखेर विचारले.

एवढ्यात साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. “अजून तेच गुऱ्हाळ? आज निकाल लावा, नाहीतर उद्यापासून हे जहाज दुसऱ्या विभागाकडे. तुमचीही कटकट मिटेल.”

ते वाकून पाहू लागताच तिने संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवला.

“माझ्या हातून आजवर एक तरी बिघाड निसटलाय? हा सापडेपर्यंत जहाज माझंच राहील!” तिचा आवाज असा चढला, की आसपासची टेबले चिडीचूप झाली. साहेब पुटपुटत निघून गेले.

“उद्या पुन्हा कळव,” ती भावावर खेकसली. “आणि नीट तपासून. तुझा निष्काळजीपणा मला नवा नाही.”

“हो, मॅडम.”

फोन ठेवून तिने पडदा सरळ केला. भर समुद्रातून त्या जहाजाचा फोन येण्याची वाट एकच होती, तोच अँटेना. आणि त्याच्या सिग्नलची हिरवी पट्टी दिवसभर एकदाही न तुटता, संपूर्ण संभाषणभरही, काठोकाठ भरलेली होती, पहिल्या तक्रारीपासून दर वेळी असायची तशीच.