काठोकाठ

ओहोटी लागली की नदीचं पात्र उघडं पडायचं. चिखलाचा वास थेट जिन्यापर्यंत यायचा आणि अख्खी सोसायटी नाकं मुरडत खिडक्या लावून घ्यायची. उघडी राहायची ती फक्त अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची खिडकी. त्या चिखलात किडे टिपायला उतरणारी पाखरं बघण्यात त्यांचा दिवस जायचा.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्या नातीने आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला आणि ठणकावलं, "आपलं नदीवर प्रेम आहे ना? मग ती रोज अशी रिकामी झालेली बघवते तरी कशी?"

"पोरगी भलतीच तयार झाली हं!" म्हणत शेजारच्या काकूंनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांनी मिळून नगरपालिकेच्या मागे लकडा लावला आणि नदीच्या मुखाशी दरवाजे बसले. भरतीचं पाणी आत आलं ते आतच राहिलं. आजोबांना कुणी विचारलंच नव्हतं.

नात धावतच त्यांच्या खोलीत शिरली. "आजोबा, बघा ना! कसली भारी दिसतेय आपली नदी!"

"झकास गं पोरी," डोळ्यांना लावलेली दुर्बीण खाली न घेता आजोबा म्हणाले.

"फक्त ओहोटी कधी लागणार तेवढं सांग, पाखरं सकाळपासून नुसती घिरट्या घालतायत, उपाशी असतील गं बिचारी."