गुणगुणणारी भिंत

नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी एखादं नवल टाकल्याशिवाय गंमतरावांना चहा गोड लागत नसे. कधी पाण्याच्या पेल्यांवर वाजवलेली धून, कधी नुकताच सापडलेला तांदळाच्या दाण्याएवढा बेडूक. सगळा माल उसना. आज मात्र नवल घरचं होतं. त्यांच्या बैठकीची भिंत बारीक सुरात गुणगुणत होती. त्यांनी व्हिडिओ टाकला आणि लोक त्यावर तुटून पडले. मेहुण्याने त्याला तबल्याची साथ जोडून दिली. वहिनींनी चिमटा काढला, "भाऊजी, तुमच्यापुढे बोलायची हिंमत अखेर भिंतीनेच केली म्हणायची!" व्हिडिओ फिरत फिरत कुठल्या कुठे पोचला.

"अहो, सूर चढलाय बघा," भिंतीला कान लावून बायको कौतुकाने म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. इमारत बांधणारा ठेकेदार होता. गळतीसाठी शंभरदा फोन करूनही कधी न सापडणारा माणूस आज स्वतःहून बोलत होता, तेही दबक्या आवाजात.

"काका, आधी तो व्हिडिओ काढून टाका. मग सगळ्यांना घेऊन खाली उतरा. आणि हो, जिन्यात धावू नका, पावलं हळू टाका."